ज्यांना ग्रंथपाल व्हायचे नव्हते

मद्रास विद्यापीठात १९२४ च्या जानेवारीत नवे ग्रंथपाल रुजू झाले आणि काही दिवसांतच परत निघण्याच्या गोष्टी बोलू लागले. नाव शियाळी रामामृत रंगनाथन. वय एकतीस. प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत असताना पगाराच्या ओढीने आणि स्नेह्यांच्या आग्रहाने त्यांनी अर्ज केला होता. लहानपणी ते अडखळत बोलत. त्या अडखळण्यावर मात करून हा माणूस वर्गात उभा राहिला होता, विद्यार्थ्यांत रमला होता. आता समोर मुकी कपाटे! त्यांनी जुनी नोकरी परत मागितली.

विद्यापीठाने तडजोड काढली. आधी लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून या, तरीही मन लागले नाही तर गणित तुमचेच.

लंडनमध्ये त्यांना बर्विक सेयर्स हे गुरू भेटले. सेयर्स क्रॉयडनचे ग्रंथपाल होते. इंग्लंडातली अनेक ग्रंथालये हिंडताना रंगनाथन पाहत होते, की वाचक येतो तेव्हा नेमके काय घडते. एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या आणि त्याच स्क्रूंपासून हवी ती वस्तू तयार होत होती. पुस्तकांच्या विषयांचेही असेच करता येईल, हे गणिती डोक्याने तिथल्या तिथे हेरले. भातावरचा रोग, त्यावरचा उपाय, प्रदेश आणि काळ असे विषयाचे तुकडे करायचे, प्रत्येकाला खूण द्यायची आणि त्या खुणा जोडायच्या. जोडणीला द्विबिंदूचे चिन्ह, म्हणून ते द्विबिंदू वर्गीकरण. १९३३ मध्ये ते छापून आले. तोवर प्रचलित पद्धतींत विषयाला तयार खणात बसावे लागे आणि नव्या संशोधनाचा विषय तर हमखास दोन खणांच्या मधला असतो.

१९२५ मध्ये ते परतले. गणिताचा विषय पुन्हा निघाला नाही. कुलुपातली पुस्तके त्यांनी वाचकांच्या हाताला येतील अशी ठेवली. वाचकाला काय हवे ते समजून घेऊन शोधून देणारी माणसे नेमली. १९३१ च्या ग्रंथात त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. माझी नोकरी बँकेत गेली. खातेदार काउंटरवर ताटकळतो आहे आणि लेजर सापडत नाही, तेव्हाची शरम मला ठाऊक आहे. संशोधकाचे ताटकळणे मात्र कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. तो मुकाट्याने घरी जातो आणि प्रबंध वर्षभर लांबतो.

या ध्यासाची किंमत घरालाही पडली असणार. पहिली पत्नी रुक्मिणी १९२८ मध्ये बुडून गेली. पुढच्या वर्षी शारदा यांच्याशी विवाह झाला, आणि लग्नाच्या दिवशीही ते ग्रंथालयात हजर होते असे सांगतात. वीस वर्षे रजा नाही. याचे कौतुक करावे की नाही, मला ठरवता येत नाही. शारदाबाईंना कुणी विचारले होते का, हा प्रश्न मनात येतोच.

एवढे करून शेवटी नव्या कुलगुरूंशी बिनसले. पन्नाशी ओलांडल्यावर राजीनामा द्यावा लागला आणि ते काही काळ खचले. मग काशीच्या हिंदू विद्यापीठाचे बोलावणे आले. तिथे १९४५ ते १९४७ या काळात लाखाहून अधिक ग्रंथांचे वर्गीकरण आणि तालिका त्यांनी जवळजवळ एकहाती केली. पुढे दिल्ली, झुरिक, उज्जैन. १९६२ मध्ये बंगळूरला त्यांनी प्रलेखनाचे प्रशिक्षण देणारे केंद्र उभारले. १९६५ मध्ये ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. गणिताशी नातेही तुटले नव्हते, १९६७ मध्ये त्यांनी रामानुजन यांच्यावर पुस्तक लिहिले.

२७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूरला ते गेले. त्याआधी साठवलेले एक लाख रुपये त्यांनी ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी देऊन टाकले होते. ज्या मद्रास विद्यापीठातून मन मोडून बाहेर पडले, त्याच विद्यापीठाला. अध्यासनाच्या नावात त्यांनी आपल्या आधी पत्नीचे नाव घातले : शारदा रंगनाथन.