थकलेल्या मातीचा सेवक : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर



जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव आपणांस नवे नाही. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक 1981 मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून हा अमेरिकन कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ मराठी घराघरांत पोचला. भुईमुगापासून शेकडो वस्तू बनविणारा माणूस अशीच त्यांची ओळख आपल्या मनात बहुधा असते. आज मात्र त्यांच्या जीवनाची दुसरी बाजू आपल्यापुढे ठेवावयाची आहे. सेंद्रिय शेतीविषयी हल्ली सर्वत्र बोलले जाते. निंबोळी अर्क, गवती चहाचे तेल, सिट्रोनेलाचे तेल यांनी किडींचा बंदोबस्त करावा, असे सांगितले जाते. हा मार्ग टिकाऊ आहे काय? गरीब शेतकऱ्याला तो परवडेल काय? या प्रश्नांना सामोरे जाताना कार्व्हर यांचे जीवन आपल्याला पुष्कळ शिकवू शकेल.

सुमारे 1864 मध्ये मिझुरी राज्यातील डायमंड या गावाजवळ, मोझेस व सुझन कार्व्हर या दांपत्याच्या शेतावर एका गुलाम स्त्रीच्या पोटी जॉर्जचा जन्म झाला. तो तान्हा असतानाच लुटारूंनी त्याला व त्याच्या आईला पळवून नेले. मूल परत मिळाले. आई मात्र पुन्हा कधीच सापडली नाही. पुढे गुलामगिरी संपुष्टात आली आणि जॉर्ज व त्याचा भाऊ जिम यांना कार्व्हर दांपत्याने आपल्या घरी वाढविले. जॉर्ज प्रकृतीने अशक्त होता. शेतातील जड कामे त्याला झेपत नसत. म्हणून तो घरकाम शिकला आणि उरलेला वेळ रानात घालवू लागला. आजारी रोपे तो आपल्या गुप्त बागेत आणून जगवीत असे. शेजारीपाजारी त्याला झाडांचा वैद्य म्हणू लागले. आईच्या मायेला पारखा झालेला हा बालक मातीच्या कुशीत रमला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

जवळच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश नव्हता. तेव्हा अकरा-बारा वर्षांचा जॉर्ज निओशो या गावी गेला. तेथे मरिया वॉटकिन्स या श्रद्धाळू सुईणीने त्याला आसरा दिला, पवित्र शास्त्राची गोडी लावली आणि जे शिकशील ते आपल्या लोकांना परत दे, ही शिकवण दिली. ही शिकवण तो जन्मभर विसरला नाही. पुढे कॅन्सस राज्यात लोकांचे कपडे धूत, स्वयंपाक करीत त्याने शालेय शिक्षण पुरे केले. 1885 मध्ये हायलँड येथील महाविद्यालयाने त्याला प्रवेश दिला. परंतु तो दारात उभा राहताच त्याच्या त्वचेचा रंग पाहून तो नाकारला. वाचकहो, या देशात जातीच्या नावाने ज्यांच्यापुढे दारे बंद झाली, त्यांना त्या क्षणाचे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

1890 मध्ये आयोवा राज्यातील सिम्प्सन महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. तेथे ते चित्रकला शिकत होते. वनस्पतींविषयीचे त्यांचे प्रेम चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांच्या ध्यानी आले आणि त्यांनी त्यांना एम्स येथील कृषी महाविद्यालयाकडे वळविले. 1894 मध्ये पदवी व 1896 मध्ये पदव्युत्तर पदवी मिळविताना कार्व्हर यांनी लुई पॅमेल यांच्या मार्गदर्शनाखाली वनस्पतींवरील बुरशींचा सखोल अभ्यास केला. पुढे काही बुरशींना त्यांचे नावही देण्यात आले. एम्समध्ये मान होता, प्रयोगशाळा होती, स्थैर्य होते. अशा वेळी अलाबामा राज्यातील टस्कीगी संस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांचे बोलावणे आले. ही संस्था 1881 मध्ये कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झाली होती. कार्व्हर यांनी सुखाची जागा सोडली आणि 1896 च्या शरदात ते टस्कीगीला दाखल झाले. तेथून ते 1943 पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, हलले नाहीत.

त्यांना तेथे काय दिसले? वर्षानुवर्षे केवळ कापूस घेऊन भूमी निःसत्त्व झाली होती. पावसाने घळी पडल्या होत्या. गुलामगिरीतून मुक्त झालेले लोक आता जमीनदाराची शेती अर्धेलीने करीत होते. बी, खत, धान्य, सारे उधारीवर घ्यावयाचे आणि हंगाम संपताच सारा कापूस त्या कर्जात द्यावयाचा, असा तो फेरा होता. जमीनदार व दुकानदार दाराच्या उंबरठ्यापर्यंत कापूस लावावयास सांगत. भाजीपाल्याला जागा उरत नसे. माती थकली होती आणि मातीवर जगणारी माणसेही थकली होती. दोन्ही आजारांचे मूळ एकच आहे, हे कार्व्हर यांनी ओळखले.

त्यांचा उपाय साधा होता. चवळी, भुईमूग यांसारख्या शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींमध्ये जिवाणू असतात. ते हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात आणि पिकाचे अवशेष कुजले की जमिनीलाही त्याचा लाभ होतो. म्हणून कापसाची ही पिके आलटून पालटून घ्यावीत. रानातील पालापाचोळा, दलदलीतील गाळ व शेणखत कुजवून शेतात घालावे. उतारावर माती वाहू देऊ नये. 1905 मध्ये झिजलेल्या जमिनी कशा सुधाराव्यात यावर त्यांनी एक पुस्तिका काढली. अशा 40 हून अधिक पुस्तिका त्यांनी शेतकऱ्यांना व गृहिणींना समजेल अशा भाषेत लिहिल्या. 1906 मध्ये तर त्यांची शाळाच चाकांवर निघाली. जेसप या दानशूर गृहस्थाच्या मदतीने सिद्ध झालेली घोडागाडी अवजारे व बियाणे घेऊन खेडोपाडी फिरू लागली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कार्व्हर हे रसायनशास्त्राचे शत्रू नव्हते. ते स्वतः रसायनतज्ज्ञ होते. विकतच्या खतांचेही प्रयोग त्यांनी केले. परंतु प्रत्येक उपायाला ते एक कसोटी लावीत : ज्याच्या हाती पैसा नाही, त्याला हे स्वतःच्या आवारात असलेल्या वस्तूंतून करता येईल काय? जो उपाय गरिबाला पुन्हा कर्जात लोटतो, तो त्यांच्या लेखी अपुरा होता.

1910 च्या सुमारास अलाबामात कापसाच्या बोंडांचा नाश करणारा बोल वीव्हिल नावाचा सोंडकिडा शिरला. पुढे त्याच्यावर सोमलयुक्त विषारी भुकटीचा मारा सुरू झाला. तथापि अनेक शेतकऱ्यांना खरा दिलासा मिळाला तो पीक बदलल्याने. एकाच पिकावर जगणाऱ्या किडीला ते पीकच मिळाले नाही, तर तिची उपासमार होते. एन्टरप्राइज या गावाचे लोक भुईमुगाकडे वळले व सावरले, आणि 1919 मध्ये त्यांनी त्या किड्याच्या नावे स्मारक उभारले! संकटानेच त्यांना एका पिकाच्या दास्यातून सोडविले होते.

भुईमूग वाढला, तेव्हा त्याला गिऱ्हाईक हवे होते. त्यासाठी कार्व्हर यांनी त्याचे सुमारे 300 उपयोग सुचविले. 1921 मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे त्यांना दहा मिनिटे देण्यात आली होती. पण सभासद इतके गुंगले की वेळ पुनःपुन्हा वाढविण्यात आला. या कीर्तीभोवती दंतकथाही जमल्या. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधले, ही समजूत खरी नाही. त्यांच्या यादीतील कित्येक वस्तू आधीपासून ठाऊक होत्या आणि फारच थोड्या बाजारात टिकल्या. कारभाराच्या कामात ते कच्चे होते. वॉशिंग्टन यांच्याशी त्यांचे खटके उडत आणि राजीनाम्याची भाषाही होई. संतचरित्रे लिहिताना आपण अशा गोष्टी वगळतो. परंतु देवाने निर्दोष माणसे निवडली नाहीत, हे पवित्र शास्त्रच सांगते. कार्व्हर यांचा मोठेपणा चमत्कारिक शोधांत नसून, त्यांनी दुबळ्या मातीची व दुबळ्या माणसांची बाजू घेतली यात आहे.

त्यांची श्रद्धा कामापासून वेगळी नव्हती. ते पहाटे उठून रानात जात व प्रार्थना करीत. आपल्या प्रयोगशाळेला ते देवाचा छोटा कारखाना मानीत. टस्कीगीत त्यांनी अनेक वर्षे तरुणांचा बायबल वर्ग चालविला. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव मनुष्याला बीज देणारी वनस्पती अन्न म्हणून देतो, ते वचन त्यांना विशेष प्रिय होते. 1924 मध्ये न्यूयॉर्कमधील एका चर्चमध्ये त्यांनी आपल्या कार्याचे श्रेय देवाच्या प्रेरणेला दिले, तेव्हा एका प्रमुख वृत्तपत्राने त्यांच्यावर टीका केली. ते दुखावले, पण प्रेरणा आणि परिश्रम यांत त्यांना विरोध दिसत नव्हता.

त्यांनी फार थोडी पेटंटे घेतली, साधे कपडे वापरले आणि आयुष्यभराची पुंजी संशोधनासाठी स्थापन केलेल्या निधीला देऊन टाकली. 5 जानेवारी 1943 रोजी त्यांनी देह ठेवला. टस्कीगीतच बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारी ते विसावले आहेत.

वाचकहो, आता आपल्या शेताकडे वळू या. 5 किलो निंबोळीची भुकटी 100 लिटर पाण्याच्या प्रमाणात घेतली की 5 टक्के अर्क होतो. निंबोळ्या बांधावरच्या कडुनिंबाच्या असल्या, तर हा उपाय कार्व्हर यांच्या कसोटीला उतरतो. सुगंधी तेले किडींना पळवितात, काहींना मारतातही. ती लवकर उडून जात असल्याने त्यांचा अंश पिकावर फारसा राहत नाही. परंतु त्याच कारणाने फवारणी पुनःपुन्हा करावी लागते आणि मात्रा अधिक झाली तर पाने करपतात. शिवाय 100 किलो ओल्या गवती चहापासून अर्धा किलो तेल निघणेही कठीण. ते तेल महागड्या बाटलीतून उधारीवर आणावे लागले, तर विषाची बाटली गेली आणि कर्ज तेवढे राहिले, असे होईल. म्हणून आधी माती, मग पिकांचा फेरपालट आणि शेवटी फवारणी, हा क्रम ध्यानी ठेवावा. रासायनिक शेतीतून वळताना पहिली काही वर्षे उत्पन्न घटू शकते, हेही लपवू नये. त्या काळात शेतकऱ्याला एकटे न सोडणे हे मंडळीचे काम आहे. आपल्या मंडळीच्या आवारातील पालापाचोळा आपण जाळतो की कुजवितो? येथूनही आरंभ करता येईल.

देवाने आदामाला बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी. सातव्या वर्षी भूमीला विसावा द्यावा, अशी आज्ञा त्याने इस्राएलास दिली. भूमी त्याची आहे. आपण तिचे कारभारी आहोत. कारभाऱ्याला एके दिवशी हिशेब द्यावा लागतो. त्या दिवशी आपल्या हातची माती मिळाली तेव्हापेक्षा अधिक जिवंत असावी, एवढी कृपा प्रभू आपणां सर्वांस देवो.