कवितेला काळे पाणी

द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. याच पुणे रस्त्याने नाशिकरोड, देवळाली करीत भगूरला जाता येते. भगूर म्हटले की बहुतेकांना तात्याराव सावरकर आठवतात. मला मात्र त्या वाटेवर त्यांचे थोरले बंधू बाबाराव आठवतात. सरकारची सत्ता आणि माणसाचे शब्द यांच्यामध्ये न्यायालय उभे राहते तेव्हा काय घडू शकते, ते त्यांच्या आयुष्यात दिसते.

गणेश दामोदर सावरकर यांचा जन्म १८७९ चा. आई पटकीने गेली, १८९९ मध्ये वडील प्लेगने गेले. विशीतच धाकट्या भावंडांचा भार अंगावर आला. नाशिकच्या ‘मित्रमेळ्या’तून पुढे १९०४ मध्ये ‘अभिनव भारत’ उभी राहिली. १९०६ मध्ये तात्याराव विलायतेला गेले आणि इथले काम बाबारावांनी सांभाळले.

१९०८ मध्ये त्यांनी ‘लघु अभिनव भारत माला’ या नावाने काही कविता छापल्या. देवादिकांच्या आणि इतिहासाच्या कथा सांगता सांगता त्या परकीय राज्यावर बोट ठेवीत. १९०९ मध्ये त्यांना अटक झाली. घराच्या झडतीत बॉम्ब तयार करण्याची माहिती देणारे टंकलिखित कागद सापडले. तेव्हा सरकारचा संशय अगदीच हवेतला होता, असे मी म्हणणार नाही. पण शिक्षा झाली ती कवितांसाठी. राजद्रोहाचे १२४ अ कलम तर लागलेच, शिवाय राजाविरुद्ध युद्धाला चिथावणी दिल्याचे १२१ वे कलमही लागले. जून १९०९ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. मालमत्ताही जप्त झाली.

अपील मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायासनावर हीटन आणि नारायण चंदावरकर होते. चंदावरकर म्हणजे प्रार्थना समाजाचे पुढारी, १९०० च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष. या निकालात एक फार मोलाचा भेद केलेला आहे. केवळ भावना भडकवणे हा फार तर राजद्रोह. कृतीला स्पष्ट चिथावणी दिली तरच युद्धाला साहाय्य केल्याचा गुन्हा. रेषा योग्य जागी ओढली होती. पण त्याच निकालाने बाबारावांच्या कविता रेषेपलीकडे ढकलल्या आणि शिक्षा कायम ठेवली.

पुढचे नाशिककरांना ठाऊक आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. बाबारावांच्या शिक्षेचा राग त्यामागे होता. शब्दांना जबर शिक्षा देऊन शांतता आली नाही. एप्रिल १९१० मध्ये कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले.

बाबाराव अंदमानात कोलू ओढत राहिले. १९१९ मध्ये पत्नी येसूवहिनी इकडे वारल्या. त्यांची अखेरची भेटही झाली नाही. १९२१ मध्ये त्यांना हिंदुस्थानात आणले आणि १९२२ मध्ये, शरीर खचलेल्या अवस्थेत, सोडले. पुढे त्यांनी हिंदू संघटनेचे काम केले, ग्रंथ लिहिले. १९४५ मध्ये सांगलीत त्यांचे निधन झाले. त्यांची सगळी मते मला पटतात असे नाही. पण ज्यांची मते पटतात त्यांच्यापुरतेच स्वातंत्र्य मागायचे, तर न्यायालयाची गरजच काय?

स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये केदारनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाचे कलम टिकवले, पण हिंसेला किंवा सार्वजनिक अशांततेला चिथावणी देण्यापुरते ते आखडून घेतले. १९९५ मध्ये बलवंत सिंग खटल्यात नुसत्या घोषणांवरून झालेली शिक्षा रद्द केली. ११ मे २०२२ रोजी या कलमाचा वापरच थांबवला. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता गेली. नव्या न्याय संहितेत १५२ वे कलम आले. त्यात राजद्रोह हा शब्द नाही, पण बोलण्या-लिहिण्याला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे.

म्हणून १९०९ चा तो निकाल मला अजून जुना वाटत नाही. कायद्यात रेषा तेव्हाही होती. बाबारावांची बारा-तेरा वर्षे गेली ती, सरकार घाबरलेले असताना त्या रेषेवर ठाम उभे राहणारा न्यायाधीश मिळाला नाही म्हणून.