आचार्य रघुवीर : मध्यप्रांतातील परिभाषाकार

हिंदी आणि मराठी यांचे सहजीवन ज्या प्रांताच्या कारभारात प्रत्यक्ष अनुभवास आले, तो जुना मध्यप्रांत व वऱ्हाड होय. राजधानी नागपूर मराठी, तर पूर्वेकडील रायपूर, दुर्ग, बिलासपूर हा छत्तीसगढचा मुलूख हिंदीभाषी. आणि तरीही रायपुरात भोसल्यांच्या काळापासून मराठी कुटुंबांची वस्ती. प्रांताचे मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल हे रायपूरचे वकील आणि विधानसभेचे अध्यक्ष घनश्यामसिंह गुप्त हे दुर्गचे. इंग्रजी जाऊन देशी भाषा कचेरीत यावी, ही या दोघांचीही तळमळ होती. तिच्यासाठी जो विद्वान लागणार होता, तो मात्र पंजाबातून आला.

रघुवीर यांचा जन्म ३० डिसेंबर १९०२ रोजी रावळपिंडी येथे झाला. लाहोरात शिक्षण, पुढे लंडन व हॉलंड येथे वैदिक वाङ्मयाचे संशोधन आणि परतल्यावर लाहोरच्या सनातन धर्म महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन, हा त्यांचा पूर्वक्रम. कपिष्ठल-कठ संहितेचे संपादन त्यांनी केले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा विराटपर्वाचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले व ते पर्व १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रातील पंडितांशी त्यांचा परिचय झाला तो असा, कोशकार म्हणून नव्हे. फाळणीच्या तोंडावर, १९४६ मध्ये, त्यांनी आपली सरस्वती विहार ही संस्था ग्रंथसंग्रहासह नागपुरास हलविली. शुक्लांच्या शासनाने त्यांना आश्रय दिला, परिभाषेचे काम सोपविले, आणि १९४८ मध्ये ते याच प्रांतातून संविधानसभेवर गेले.

त्यांची पद्धती गणिती थाटाची होती. संस्कृतचे सुमारे पाचशे धातू, वीस उपसर्ग आणि ऐंशी प्रत्यय घेतले, की त्यांच्या योगाने लक्षावधी शब्द सिद्ध होतात, असा त्यांचा हिशेब होता. एका अर्थाला एकच शब्द असावा, एका मूळ शब्दापासून त्याचे सर्व कुटुंब निघावे आणि ते सर्व भारतीय भाषांना सारखेच उपयोगी पडावे, हा आग्रह. शब्दानुशब्द, प्रत्ययाला प्रत्यय ठेवून शास्त्र परभाषेत नेण्याचा हा मार्ग तिबेटी भाषांतरकारांच्या मार्गाची आठवण करून देतो. नवव्या शतकातील महाव्युत्पत्ती ही त्यांची परिभाषासूची आणि अष्टांगहृदयाचे तिबेटी रूपांतर याच जातीचे. रघुवीर तिबेटी व मंगोल वाङ्मयाचेही अभ्यासक होते, हे येथे विसरता येत नाही.

वैद्यकाच्या, विशेषतः हाडे, सांधे आणि स्नायू यांच्या विकारांच्या नामांना हा मार्ग फार सोयीचा वाटतो. इंग्रजी नावेच मुळी ग्रीक घटकांची जुळणी असतात. ऑस्टिओ हा घटक आणि अस्थी हा शब्द तर एकाच आदिम मूळातून आलेले सख्खे भाऊ. दाहाचा प्रत्यय आला की शोथ लावावा, म्हणजे आर्थ्रायटिसचा संधिशोथ होतो. मऊपणा दाखविणारा घटक आला की ऑस्टिओमलेशियाचा अस्थिमार्दव अथवा अस्थिमृदुता. शिवाय हाताशी प्राचीन भांडार होतेच. सुश्रुताने अस्थी तीनशे, संधी दोनशे दहा, स्नायू नऊशे व पेशी पाचशे मोजल्या आहेत. अस्थिभंगाचे बारा व संधिमुक्तीचे सहा प्रकार दिले आहेत. माधवनिदानात आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे. वातरक्त, गृध्रसी ही नावे वैद्यांच्या तोंडी कधीच थांबली नव्हती.

परंतु अडचण येथेच आहे, आणि ती या प्रांताइतकी कोठेच उघडी पडत नाही. सुश्रुताचा स्नायू म्हणजे बांधणारा तंतू, आजच्या भाषेत अस्थिबंध. मराठीने तोच शब्द मांसपेशीसाठी घेतला. हिंदीच्या बोलीत आणि बंगालीत तो मज्जातंतूसाठी रूढ झाला. स्नायुदौर्बल्य असे लिहिले, तर नागपूरच्या वाचकाला हातापायांतील बळ गेल्याचे वाटेल आणि रायपूरच्या हिंदी वाचकाला नसांचा विकार. मज्जेचेही तसेच. हिंदीत ती हाडातला मगज, म्हणजे आयुर्वेदाचाच अर्थ. मराठीत मज्जासंस्था म्हटले की मेंदू व नसा. अस्थिमज्जाशोथ हा ऑस्टिओमायलायटिसचा निर्दोष पर्याय मराठी कानाला म्हणूनच क्षणभर बुचकळ्यात टाकतो. संस्कृत शब्द सर्वांना समान असतो हे रघुवीरांचे गृहीत कोशात खरे ठरते. भाषांत मात्र त्या शब्दांनी आपापले संसार आधीच थाटलेले असतात. दोष त्यांच्या व्याकरणाचा नव्हे. उसण, लचक, पेटके, मुडदूस अशा मराठी किंवा मोच, गठिया अशा हिंदी शब्दांत रोग्याची जी भाषा होती, तिला या पद्धतीत जागाच नव्हती, ही उणीव अधिक गंभीर म्हणावी लागेल.

१९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही प्रांताच्या राजभाषा ठरल्या. रघुवीरांचा शासकीय व शैक्षणिक शब्दांचा बृहत् इंग्रजी-हिंदी कोश १९५५ मध्ये निघाला. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचनेने विदर्भ मुंबई राज्यात गेला, रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले, आणि दोन भाषांची जोडी फुटली. वर्षअखेर शुक्लही निवर्तले. टीका तर आधीपासूनच होती. नेहरूंना ही घडीव भाषा रुचली नाही. ऑक्सिजनला जारक, हायड्रोजनला उदजन हे टिकले नाहीत. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय शब्दावली आयोगाने आंतरराष्ट्रीय नावे राखून संकल्पनांपुरतेच संस्कृत घेण्याचे धोरण ठेवले. आगगाडी आणि नेकटाय यांच्यासाठी जे हास्यास्पद शब्द आजही त्यांच्या नावावर खपविले जातात, ते मात्र विनोदवीरांचे. त्यांवरून कोशकाराची पारख करणे अन्यायाचे आहे. कारभाराच्या भाषेत त्यांचे पुष्कळ शब्द असे मुरले, की ते कोणी घडविले हे विचारण्याचेही कोणाला कारण उरले नाही.

राज्यसभेत ते १९५२ आणि पुन्हा १९५७ मध्ये निवडून गेले. मध्यंतरी इंडोनेशिया, चीन, मंगोलिया येथून हस्तलिखिते व छापील ग्रंथ यांचे पेटारे आणले. संस्था दिल्लीस नेली. चीनविषयक धोरणावरून त्यांनी काँग्रेस सोडली व ते जनसंघाचे अध्यक्ष झाले. फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीत राममनोहर लोहियांच्या प्रचारासाठी जात असता १४ मे १९६३ रोजी कानपूरजवळ मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांनी आणलेला मंगोल कंजूर त्यांचे चिरंजीव लोकेशचंद्र यांनी पुढे १०८ खंडांत छापला.

त्याच १९६३ साली रायपुरात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अस्थी आणि संधी तेथे इंग्रजीतूनच शिकविल्या गेल्या. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये हिंदीतील वैद्यकीय पाठ्यपुस्तके काढली, तेव्हा वाक्ये हिंदी असली तरी संज्ञा बहुतांशी इंग्रजीच, केवळ देवनागरीत उतरविलेल्या होत्या. छत्तीसगढ शासनाने १४ सप्टेंबर २०२४ रोजी हिंदीतून वैद्यकीय शिक्षणाची घोषणा केली.