कन्नमवारांचे वर्ष आणि गावची शाळा

महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांची नामावळी वाचताना यशवंतराव चव्हाण आणि वसंतराव नाईक या दोन मोठ्या नावांच्या मध्ये असलेले एक नाव बहुधा घाईघाईने ओलांडले जाते. मारोतराव सांबशिव कन्नमवार २० नोव्हेंबर १९६२ रोजी मुख्यमंत्री झाले आणि २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, पदावर असतानाच, निवर्तले. मुंबईकरांना हे नाव ठाऊक आहे ते विक्रोळीच्या वसाहतीमुळे. त्या नावाचा माणूस चांद्याच्या जंगलपट्टीतून आला होता, हे वसाहतीतल्या किती जणांना माहीत असेल याची शंकाच आहे. तथापि राज्यातल्या प्राथमिक शिक्षकांनी तरी हे वर्ष विसरू नये. खेड्यातली शाळा कोणाची, तिचा पैसा कोणाचा आणि तिच्या बऱ्यावाईटाचा जाब कोणी द्यावयाचा, या प्रश्नांना महाराष्ट्राने जे उत्तर काढले, त्याची पहिली परीक्षा मुख्यतः याच वर्षात झाली.

कन्नमवारांचा जन्म १० जानेवारी १९०० चा. मध्य प्रांताला दुष्काळाने होरपळून काढले ते हेच साल. दगडमातीच्या कामावर पोट असणारा बेलदार समाज आणि घरची गरिबी अशा परिस्थितीत हा मुलगा वाढला. मूल आणि सावली यांच्या आसपासचा धानाचा व तलावांचा प्रदेश हा त्यांचा मुलूख. शाळेतले शिक्षण फार पुढे जाऊ शकले नाही. तरुणपणी वर्तमानपत्रे विकून त्यांनी दिवस काढले, अशी हकीगत त्या भागात सांगितली जाते. पुढे काँग्रेसचे काम, सत्याग्रह, तुरुंगवास हा त्या पिढीच्या कार्यकर्त्याचा ठरलेला मार्ग त्यांनीही चोखाळला. त्यांच्या आधीचे चव्हाण वकील होते आणि नंतर आलेले नाईकही वकील होते. या दोन वकिलांच्या मध्ये राज्याच्या सर्वोच्च खुर्चीवर पदवी नसलेला एक माणूस वर्षभर बसला होता. पदवी नसणे हे भूषण नव्हे. पण शाळा अर्ध्यावर सुटणे म्हणजे काय, हे त्या खुर्चीला प्रथमच अनुभवाने ठाऊक होते.

कन्नमवार काँग्रेसच्या कामात होते त्या काळात मध्य प्रांतात शाळांच्या पैशाविषयी एक विलक्षण प्रयोग झाला. १९३७ साली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. सरकारजवळ पैसा नाही, गावाजवळ जमीन आहे. तेव्हा दात्यांनी जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नातून शाळा चालावी, असा तो विचार होता. जमिनीचे वार्षिक उत्पन्न सुमारे २०० रुपये असावे आणि शिक्षकाला दरमहा १५ रुपये मिळावेत, असा हिशेब होता. म्हणजे शिक्षकाचे १८० रुपये गेल्यावर खडू, फळा आणि छपराची डागडुजी यांसाठी वर्षाला वीस रुपये उरत. हा हिशेब पाऊस वेळेवर पडेल आणि पीक बुडणार नाही या गृहीतावर उभा होता. तलावाच्या पाण्यावर धान काढणाऱ्या मूलच्या शेतकऱ्याला हे गृहीत किती कच्चे आहे, हे कोणी सांगण्याची गरज नव्हती. योजनेच्या ‘मंदिर’ या नावावरूनही मुस्लिम लीगने वाद पेटवला. १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा जोर ओसरला. गावाने आपली शाळा सर्वस्वी आपल्या उत्पन्नावर चालवावी, ही कल्पना मोहक होती. गरीब गावाच्या वाट्याला तिच्यातून गरीब शाळाच आली असती.

दुसरा प्रयोग स्वातंत्र्यानंतरचा. १९४८ साली याच प्रांतात जनपद सभा आल्या. जिल्हा कौन्सिले मोडून तालुका हा स्थानिक कारभाराचा घटक ठरला आणि प्राथमिक शाळा जनपद सभेकडे आल्या. लोकांनी निवडलेले सदस्य आणि कार्यकारी प्रमुख म्हणून महसूल खात्याचा अधिकारी अशी ही जोडी होती. अधिकार पुष्कळ आणि तिजोरी रिकामी, हे जनपद सभांचे दुखणे पहिल्यापासूनच राहिले. १९५२ नंतर कन्नमवार शुक्लांच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री होते. दवाखान्याचा अनुभव शाळेहून निराळा नव्हता. इमारत मंजूर होते, पण डॉक्टर जंगलात जाण्यास राजी होत नाही. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा कन्नमवारही मुंबईच्या मंत्रिमंडळात आले.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली विकासगटाला महत्त्व दिले होते. नाईक समितीने जिल्ह्याला बलवान केले. त्यामागचा व्यवहार स्पष्ट होता. लहान घटकाजवळ इंजिनिअर, शिक्षणाधिकारी आणि पैसा राहू शकत नाही. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेबाहेर ठेवले, जिल्हाधिकाऱ्यालाही बाहेर ठेवले, आणि निवडून आलेल्यांच्या हाती शिक्षण समिती दिली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. सहा महिने झाले नाहीत तोच चीनचे आक्रमण झाले, चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि सावलीचे आमदार कन्नमवार मुख्यमंत्री झाले.

नव्या संस्थांना रुजवण्यास ही वेळ चांगली नव्हती. देश युद्धाच्या धक्क्यात होता, संरक्षण निधीसाठी गावोगाव वर्गणी चालू होती आणि सरकारचे लक्ष उत्पादनाकडे व शस्त्रास्त्रांकडे वळले होते. भद्रावती आणि वरणगाव येथील दारूगोळ्याच्या कारखान्यांचे श्रेय कन्नमवारांना दिले जाते, आणि त्यांच्या अल्प कारकिर्दीची आठवण निघते ती याच कामासाठी. जिल्हा परिषदांचे त्यांनी काय केले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्याचे साधे उत्तर असे की त्यांनी त्या चालू दिल्या. आणीबाणीचे निमित्त पुढे करून कोवळ्या संस्थांचे अधिकार गोठवणे अवघड नव्हते. पुढच्या काळात याहून लहान निमित्ते पुरेशी ठरली आहेत.

त्या वेळच्या चांदा जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणला म्हणजे जिल्हा परिषदेपुढील कामाची कल्पना येईल. वरोऱ्यापासून थेट सिरोंच्यापर्यंत एकच जिल्हा होता. गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. पावसाळ्यात वैनगंगा, इंद्रावती, प्राणहिता फुगल्या की निम्म्या शाळांचा मुख्यालयाशी संबंध तुटे. पाठ्यपुस्तक मराठीत, आणि पहिलीच्या वर्गात बसलेल्या मुलाची भाषा कोठे गोंडी, कोठे माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू. मूलच्या बाजूला भाषेची अडचण कमी, पण पोटाची होतीच. रोवणीला मुले बांधीत, कापणीला शेतात, आणि परीक्षेच्या तोंडावर मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला पहाटेच जंगलात. पटावर नाव असलेले मूल वर्गात नसे. वर्गात असलेले चौथीपर्यंत टिकत नसे. शिक्षणखाते त्याला गळती म्हणते. १९६१ च्या जनगणनेत साऱ्या राज्याची साक्षरता तीस टक्क्यांच्या आत होती.

आणि पैसा? कायद्याने जिल्हा परिषदेला जमीन महसुलाच्या रुपयामागे वीस पैसे उपकर दिला. जेथे शेती जास्त तेथे उपकर जास्त. चांद्यासारख्या जिल्ह्यात, जेथे जमिनीचा मोठा हिस्सा वनखात्याचा, तेथे उपकर तो किती येणार! ज्या जिल्ह्याला शाळांची गरज सर्वांत अधिक, त्याचे स्वतःचे उत्पन्न सर्वांत तुटपुंजे. शिक्षकांचे पगार राज्याच्या अनुदानातून आले हे म्हणूनच योग्य झाले. विद्यामंदिराची वीस रुपयांची शिल्लक पुन्हा कोणाच्या वाट्याला यावयास नको होती. मात्र त्याबरोबर एक विचित्र वाटणी झाली. पैसा मुंबईचा, बदलीचा अधिकार जिल्ह्याचा आणि वर्गातल्या निकालाची जबाबदारी कोणाचीच नाही. शिक्षण समितीच्या सभांत बदल्यांइतकी चर्चा वाचनाची झाली असती, तर या राज्याच्या प्राथमिक शिक्षणाचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता. गैरसोयीच्या गावी बदली हे शिक्षकाला वठणीवर आणण्याचे हत्यार झाले, आणि ते गैरसोयीचे गाव पुष्कळदा जंगलातले असे. शिक्षा म्हणून आलेल्या शिक्षकाकडून त्या गावातील मुलांनी काय शिकावे?

कन्नमवार असते तर यावर काही उपाय झाला असता काय, हा तर्काचा प्रश्न आहे. एवढे मात्र दिसते की त्यांच्यानंतर पूर्व विदर्भाच्या शाळांचा प्रश्न राज्याच्या मध्यभागी राहिला नाही. तो अनुशेषाच्या कोष्टकात गेला. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालात रस्ते, सिंचन, आरोग्य यांच्याबरोबर सामान्य शिक्षणाचाही अनुशेष मोजला गेला. मोजमाप उपयोगी असते. पण ते वर्गखोल्यांचे आणि रुपयांचे होते, वाचू शकणाऱ्या मुलांचे नव्हते.

याचा अर्थ या शाळांनी काही केले नाही असा नव्हे. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूरची साक्षरता ८०.०१ टक्के आणि गडचिरोलीची ७४.३६ टक्के झाली, राज्याची ८२.३४ होती. जेथे एकही खाजगी संस्था फिरकली नाही तेथे हे काम मुख्यतः जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळेच्या शिक्षकाने केले. वीस मुलांच्या शाळेत दोन शिक्षक बसून पगार खातात, असे शहरात सहज म्हटले जाते. दोन शिक्षकांनी चार वर्ग, पोषण आहाराचा हिशेब, जनगणना, मतदारयादी आणि रोज भरावयाची माहिती इतके सांभाळून शिकवायचे असते, हे तेथे कोणी मोजत नाही.

याच लहान शाळांवर गेल्या काही वर्षांत गंडांतर आले. २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांहून अधिक शाळांच्या जागी समूह शाळांची कल्पना पुढे आली. हिशेब म्हणून ती चूक म्हणता येणार नाही. परंतु २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत मागितली आहे, ती उगाच नव्हे. मूल आणि सावलीच्या अनेक गावांत शाळेची वाट जंगलाच्या कडेने जाते आणि तेथे वाघाचा वावर ही नित्याची गोष्ट आहे. सहा वर्षांच्या मुलीला चार किलोमीटरवर पाठवण्याचा निर्णय ज्या कागदावर होतो, त्यावर हे अंतर फक्त आकडा असते. असा निर्णय घेणारा माणूस त्या गावच्या मतांवर निवडून आलेला असावा, एवढ्यासाठीच तर १९६२ साली शिक्षण समित्या निर्माण झाल्या होत्या.

त्या समित्यांचे अधिकार दरम्यान एकेक करून वर गेले. शिक्षकभरती राज्याच्या पोर्टलवर गेली, बदल्या संगणकावर गेल्या. बदल्यांच्या बाबतीत शिक्षकांनी सुटकेचा श्वास टाकला, यात नवल नाही. पण सदस्याजवळचे हत्यार काढून घेताना त्याच्यावर दुसरे कोणतेही काम सोपवले गेले नाही. शाळा व्यवस्थापन समित्यांत पालक तीन-चतुर्थांश आहेत; त्यांच्या हाती मात्र बहुधा सही तेवढी आहे.

मार्च २०२२ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणूक न होता प्रशासक आला. शिक्षण समिती उरली नाही. त्यानंतर जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प, शाळांच्या दुरुस्तीच्या रकमेसह, प्रशासक या नात्याने अधिकाऱ्यानेच मंजूर केला.