विश्लेषण : कोलटकरांचे तुकोबा छापणारे निसिम इझिकेल कोण होते?

कोल्हापुरात जन्मलेल्या अरुण कोलटकरांनी तुकोबांच्या अभंगांचे इंग्रजी अनुवाद केले. ते १९६६ मध्ये ‘पोएट्री इंडिया’ या त्रैमासिकात छापून आले. त्रैमासिकाचे संपादक होते मुंबईतील एक ज्यू प्राध्यापक, निसिम इझिकेल. इंग्रजी कवी म्हणून ते जगाला ठाऊक आहेत. पण त्यांचा दिवस जायचा वर्गात, आणि जीव अडकलेला असायचा नाटकात.

इझिकेल मूळचे कुठले?

जन्म १६ डिसेंबर १९२४, मुंबई. घराणे बेने इस्रायली. अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून हे लोक कोकण किनाऱ्याला लागले, असे ही जमात परंपरेने मानते. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मातृभाषा मराठी, आडनावे गावावरून. इझिकेल यांचे घराणे तळकर. वडील विल्सन कॉलेजात विज्ञान शिकवत, आई स्वतःची शाळा चालवत असे. थोडक्यात, शिकवणे घरातच होते. शाळेत मात्र ज्यू म्हणून इतर धर्मांच्या मुलांचा त्रास त्यांनी सोसला. पुढे आत्मचरित्रात्मक कवितेत त्यांनी तो लिहूनही ठेवला.

नाटकाशी संबंध कसा आला?

इब्राहिम अल्काझींमुळे. पुण्यात वाढलेले, अरब आईवडिलांचे अल्काझी आणि बेने इस्रायली इझिकेल ही जोडी त्या काळच्या मुंबईतच जमू शकली असती. १९४८ मध्ये इझिकेल लंडनला निघाले तेव्हा जहाजाचे भाडे अल्काझींनी भरले. तिथे त्यांनी तत्त्वज्ञान शिकले, हलाखीत दिवस काढले आणि १९५२ मध्ये पहिला कवितासंग्रह काढला. परतीच्या तिकिटाला पैसे नव्हते. इंडोचायनाला शस्त्रे नेणाऱ्या मालवाहू जहाजाचे डेक घासत ते घरी आले.

पुढे अल्काझींनी ‘थिएटर युनिट’ सुरू केले, त्यात इझिकेल होतेच. ही हौशी, पण शिस्तीची मंडळी होती. प्रयोग इमारतीच्या गच्चीवरही व्हायचे. १९६२ मध्ये अल्काझी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात दिल्लीला गेले. १९६९ मध्ये इझिकेल यांची तीन नाटके पुस्तकरूपाने आली. त्यांतल्या ‘नलिनी’त जाहिरात क्षेत्रातले दोन तरुण आणि एक चित्रकार मुलगी आहे. इझिकेल यांनी स्वतः काही वर्षे जाहिरात कंपनीत काढली होती, त्यामुळे ती पोकळ बडबड त्यांना नेमकी सापडली. तरी नाटककार म्हणून ते फार पुढे गेले नाहीत, हे मान्य करायला हवे. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ त्याच काळातले. मराठी नाटकाला गावोगावी प्रेक्षक होता, इंग्रजी नाटकाला जेमतेम दक्षिण मुंबईतला.

रंगभूमीचा खरा फायदा कवितेला झाला. भारतीय वळणाच्या इंग्रजीत बोलणाऱ्या माणसांच्या त्यांच्या कविता म्हणजे छोटी एकपात्री नाटकेच. मिस पुष्पा यांच्या निरोप समारंभाची कविता आजही मोठ्याने वाचली की हशा पिकतो. सामान्यांच्या इंग्रजीची ही टिंगल आहे, असा आक्षेप तेव्हाही होता. तो पूर्ण खोटा नाही. पण त्या बोलण्यातला मायाळूपणाही त्यांनी टिपला आहे.

शिक्षक म्हणून काय केले?

१९६१ पासून विलेपार्ल्याच्या मिठीबाई कॉलेजात ते इंग्रजी विभागप्रमुख होते, १९७२ नंतर मुंबई विद्यापीठात. पण मोठा वर्ग भरायचा तो न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमधील ‘पेन’च्या कार्यालयात. कविता घेऊन कोणीही यावे. ते ओळीओळीने वाचून काय जमले नाही ते सांगत. गीव्ह पटेल यांचा पहिला संग्रह त्यांनी १९६६ मध्ये स्वतः प्रकाशित केला. बेळगावच्या इंदिरा संत यांच्या कविता वृंदा नाबर यांच्यासोबत १९७४ मध्ये इंग्रजीत नेल्या.

ते इस्रायलला का गेले नाहीत?

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात अंदाजे २० हजार बेने इस्रायली होते. नंतर बहुतेक इस्रायलला गेले. इझिकेल यांनी मात्र मुंबई सोडायची नाही असे ठरवले, आणि तेही कवितेतून जाहीरपणे सांगितले. व्ही. एस. नायपॉल यांनी भारतावर घृणेने लिहिले, तेव्हा त्याचा सविस्तर प्रतिवाद याच अल्पसंख्याकाने केला. १९८३ मध्ये साहित्य अकादमी आणि १९८८ मध्ये पद्मश्री मिळाली.

शेवटची वर्षे अल्झायमरने खाल्ली. इतरांच्या कवितेतला शब्द न् शब्द तपासणाऱ्या माणसाकडून आधी शब्द गेले, मग माणसांची ओळख. मुंबईतल्या नर्सिंग होममध्ये जुने विद्यार्थी भेटायला येत, आपण कोण ते त्यांनाच सांगावे लागे. ९ जानेवारी २००४ रोजी इझिकेल यांचे निधन झाले.