जेवढी जमा, तेवढा खर्च

आमच्या माणदेशात विहिरीवर मोट चालायची तेव्हा बैल हाकणाऱ्याची एक नजर विहिरीतल्या पाण्यावर असायची. पाणी तळाला गेले की बैल सोडायचे, झरे भरू द्यायचे. पुढे विजेच्या मोटारी आल्या. विहिरीत पाणी किती उरले, याची त्यांना दाद नसते. हृदयाला मात्र ती असते. कशी, ते दाखवून देणाऱ्या अर्नेस्ट स्टार्लिंगचे आपल्या मुंबईशी नाते होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्याचा जन्म १८६६ साली लंडनला झाला. वडील बॅरिस्टर, मुंबईत 'क्लार्क ऑफ द क्राउन' या सरकारी हुद्द्यावर. ते इकडे आणि बायकामुले तिकडे. मुलगा गाइज हॉस्पिटलात डॉक्टर झाला आणि १८९९ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक. १९०२ मध्ये मेहुणा विल्यम बेलिस याच्यासह त्याने सिक्रेटिन शोधले. १९०५ मध्ये 'हार्मोन' हा शब्द जगाला दिला. नोबेल मात्र त्याला कधीच मिळाले नाही.

त्याचे मोठे काम हृदयाचे. कुत्र्याचे हृदय आणि फुप्फुसे त्याने मेंदूच्या ताब्यातून सोडवून चालती ठेवली. हृदयात येणारे रक्त वाढवले की कप्पा जास्त ताणला जाई आणि पुढचा ठोका तेवढाच जोरकस पडे. जर्मनीच्या ओटो फ्रँकने १८९५ मध्ये बेडकाच्या हृदयात हेच पाहिले होते. म्हणून नियमाला दोघांचे नाव आहे. माझ्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर जेवढी जमा तेवढा खर्च, आणि त्यासाठी हेड ऑफिसची मंजुरी नको!

२ मे १९२७ रोजी जमैकातील किंग्स्टन बंदरात बोटीवरच स्टार्लिंग वारला.

आज थकलेल्या हृदयाला जोडायचे पंप निघाले आहेत. कमरेला बॅटऱ्या लावून माणसे हिंडतात-फिरतात. पण पंपाचा वेग डॉक्टर ठरवून देतात, तोच कायम. रक्त कमी आले तर पंप हृदयाची भिंतच ओढू लागतो. तसे झाले की काही पंप आपणहून वेग उतरवतात. पण गरज वाढली म्हणून वेग वाढवणे त्यांना अजून जमलेले नाही. स्टार्लिंगचा नियम यंत्राला शिकवण्यासाठी इंजिनिअर झटत आहेत. तोवर पंप लावलेल्या माणसाने जिना चढताना मध्येच थांबून दम खायचा.