डॉ. रखमाबाई : खटल्यानंतरचे आयुष्य

डॉ. रखमाबाईंचे नाव निघाले की प्रथम त्यांचा खटला आठवतो. पण खटला चालला चार वर्षे आणि डॉक्टरकी सुमारे पस्तीस वर्षे. त्यातला बहुतेक काळ आपल्या गुजरातेत, सुरत आणि राजकोट येथे गेला. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या आम्हा मराठी मंडळींनाही हे फारसे ठाऊक नसते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांचे स्मरण करावेसे वाटले.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या लहानपणीच वारले. त्यांच्या सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता होती. पुढे आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी लग्न केले. डॉ. सखाराम हे मुंबईतले नामांकित डॉक्टर, वनस्पतींचे अभ्यासक आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. अशा घरात रखमाबाईंना वाचनाची गोडी लागली.

अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्या सासरी गेल्या नाहीत. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून माहेरीच शिकत राहिल्या. १८८४ साली दादाजींनी बायकोला नांदायला पाठवावे म्हणून दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलात तो टिकला नाही. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जाण्याचा, नाहीतर सहा महिने तुरुंगवासाचा हुकूम केला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. 'केसरी'ने त्यांच्याविरुद्ध लिहिले, तर बेहरामजी मलबारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अखेर १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

बहुतेक लेख इथेच संपतात. आम्हाला मात्र पुढची गोष्ट सांगायची आहे.

त्या वेळी मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये डॉ. एडिथ पीची नावाच्या इंग्रज डॉक्टर होत्या. त्यांनी स्वतः फार सोसले होते. एडिंबरा विद्यापीठात रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्या चमकल्या, पण केवळ स्त्री म्हणून त्यांना शिष्यवृत्ती नाकारली गेली. पुढे विद्यापीठाने पदवीही दिली नाही. ती त्यांना स्वित्झर्लंडमधील बर्न येथे घ्यावी लागली. अशा बाईंनी रखमाबाईंना डॉक्टर होण्यास उत्तेजन दिले. मदतीचे हात पुढे आले आणि १८८९ साली रखमाबाई विलायतेला निघाल्या.

लंडनमध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा १८७४ साली निघाली होती. वर्ग होते, शिक्षक होते, पण रुग्णांजवळ उभे राहून शिकायला इस्पितळ नव्हते. एकही मोठे इस्पितळ मुलींना वॉर्डात घेईना. तीन वर्षांनी रॉयल फ्री हॉस्पिटलने दार उघडले, तेव्हा कुठे त्या शाळेला अर्थ आला. रखमाबाई त्याच इस्पितळात शिकल्या. शाळेला स्वतःची पदवी देता येत नसे, म्हणून परीक्षा त्यांनी स्कॉटलंडच्या मंडळाची दिली आणि एम.डी. ब्रुसेल्सहून मिळवली. १८९४ साली त्या पूर्ण डॉक्टर झाल्या. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने पहिली स्त्री फेलो करून घेतली ती त्यानंतर सतरा वर्षांनी, १९११ साली. म्हणजे औषध देणारी बाई समाजाने आधी मान्य केली. हातात शस्त्र घेणारी बाई मान्य व्हायला आणखी वेळ लागला.

मायदेशी परतल्यावर काही दिवस मुंबईत काम करून १८९५ च्या सुमारास त्या सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळाच्या प्रमुख झाल्या. इस्पितळात बाळंत होणे म्हणजे संकट ओढवून घेणे, अशी तेव्हाची समजूत होती. रखमाबाईंनी एका गाभण शेळीची इस्पितळात सुखरूप सुटका करून दाखवली आणि मग बायका येऊ लागल्या, असे सांगतात. प्लेगच्या काळातही त्या कामावर होत्या. पुढे त्या राजकोटच्या जनाना इस्पितळात गेल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसली. ज्या लग्नाला कोर्टात नकार दिला, त्याच लग्नाचे वैधव्य पाळले! याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. निवृत्तीनंतर त्या मुंबईत राहिल्या, पडदा पद्धतीविरुद्ध त्यांनी पुस्तिका लिहिली आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी पार केल्यावर, त्यांचे निधन झाले.

आज आपल्या घरोघरी मुली डॉक्टर होत आहेत. गणपतीत त्यांचा सत्कार करताना आपल्याला अभिमान वाटतो. पण त्याच मुलीने पुढे सर्जरी, त्यातही प्लास्टिक सर्जरी करायची म्हटले की आपला चेहरा बदलतो. एम.बी.बी.एस. नंतर जनरल सर्जरीची तीन वर्षे आणि मग एम.सीएच.ची आणखी तीन, म्हणजे मुलगी तिशीत जाते. मग रात्रीच्या ड्युट्या, लग्न, मुले असे प्रश्न आपणच आधी काढतो, आणि तिने काही ठरवायच्या आत तिला सोपी शाखा सुचवतो. प्लास्टिक सर्जरी म्हणजे श्रीमंतांचे नाक सरळ करणे, हाही गैरसमजच. भाजलेल्या बाईची आखडलेली मान सोडवणे, दुभंगलेल्या ओठाचे बाळ नीट करणे, यंत्रात सापडलेला हात वाचवणे हे या शाखेचे खरे काम. भाजलेल्या कितीतरी बायकांना अंग दाखवायला, मनातले सांगायला बाई डॉक्टरच हवी असते.

रखमाबाईंच्या आयुष्यावरून आम्हाला एकच गोष्ट कळली. प्रवेश मिळाला म्हणजे शिक्षण मिळाले असे नव्हे. वर्गाचे दार उघडले तरी वॉर्डाचे दार वेगळे आणि ऑपरेशन थिएटरचे त्याहून वेगळे. सर्जरी पुस्तकातून येत नाही. वरिष्ठांनी शेजारी उभे करून हातात सुरी द्यावी लागते. आपल्या मंडळात जे सर्जन आहेत, त्यांनी आपल्या विद्यार्थिनींना नुसते बघायला नव्हे, तर करायला बोलवावे. आणि आई-वडिलांनी मुलीला ती सहा वर्षे बिनघोर द्यावीत. डॉ. सखारामांच्या घराने आणि पीचीबाईंनी एका मुलीसाठी हेच केले होते, आणि त्याचा लाभ सुरत-राजकोटच्या असंख्य लेकीसुनांना झाला.